नीरफणसाचा काप-पाव: मडगावातील एका बिनपाटीच्या दुकानाविषयी

मडगावला पिंपळकट्ट्यापासून पाच-सात मिनिटे चालत गेले की एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी चहाचे लहानसे दुकान लागते. दुकानाला पाटी नाही. चार बाके, फरशीची दोन मेजे, भिंतीवर शांतादुर्गेची तसबीर आणि दाराशीच मांडलेला जाड लोखंडी तवा, एवढ्या खुणांवरून ते ओळखावे. सकाळी तिथे पातळ भाजी, सुकी भाजी आणि पाव मिळतो, आणि तोही चांगला असतो. परंतु हे परीक्षण लिहायला मी बसले आहे ते त्या तव्यावर दुपारी साडेचारनंतर होणाऱ्या एका पदार्थासाठी, जो दक्षिण गोव्यातील कितीतरी घरांत मुलांनी खाल्लेला आहे आणि हॉटेलात मात्र क्वचितच पाहायला मिळतो. तो पदार्थ म्हणजे काप-पाव, आणि तोही नीरफणसाचा.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. नीरफणस (फणसाच्या कुळातले, भाजीचे फळ), सुरण, वांगे, कच्चे केळे किंवा बटाटा यांच्या पातळ चकत्यांना मीठ, हळद, तिखट आणि हिंग लावून, त्या रव्यात घोळवून तव्यावर थोड्या तेलात भाजल्या की त्यांना काप म्हणतात. सोमवारी, एकादशीला, श्रावणात, म्हणजे ज्या शिवराक दिवसांत घरात मासळी शिजत नाही त्या दिवसांत, ताटातल्या तळलेल्या मासळीची जागा काप घेतात. म्हणूनच त्यांचे तिखट-मीठही तेच, रवाही तोच आणि तव्यावरून येणारा चुरचुर आवाजही तोच. दुपारच्या जेवणातून वाचलेले किंवा मुलांसाठी मुद्दाम राखून ठेवलेले चार काप संध्याकाळच्या पावात घातले की झाला काप-पाव. तो पाहुण्यांपुढे कोणी ठेवत नाही, सणाच्या पानात त्याला जागा नाही, आणि माझ्या घरात तरी त्याची कृती कोणी कधी कागदावर लिहून ठेवली नाही.

माझे बालपण काणकोण तालुक्यात गेले. घराच्या मागे, विहिरीच्या बाजूला, नीरफणसाचे झाड होते. पाऊस लागला की त्याच्या मोठ्या, खोल कातरलेल्या पानांतून हिरवी फळे डोकावू लागत आणि आजीचे त्यांच्यावर रोज लक्ष असे. फळ पुरते भरलेले हवे, पण पिकायला लागलेले नको. सालीवरचे खवले सपाट झाले आणि त्यांच्यावर सुकलेल्या चिकाचे तपकिरी डाग दिसू लागले की ती काठीला बांधलेल्या आकडीने फळ उतरवून घेई. कोवळे फळ चामट लागते. पिकलेले गोडसर आणि मऊ होते, तव्यावर तेल पिते आणि परतताना मोडते. या दोन अवस्थांच्या मधले चार-पाच दिवस ओळखणे हे अर्धे काम, असे ती म्हणे. कापण्याआधी विळीच्या पात्याला आणि बोटांना खोबरेल तेल लावायचे, नाहीतर चीक दिवसभर सुटत नाही. चकत्या पडल्या पडल्या मिठाच्या पाण्यात टाकायच्या, नाहीतर त्या काळ्या पडतात.

हिंगाच्या बाबतीत ती फार काटेकोर होती. हिंगाचा खडा अर्धा तास वाटीभर पाण्यात भिजत असे आणि ते पाणी हाताने चकत्यांना चोळले जाई. कोरडी पूड भुरभुरली तर एका घासाला हिंगच हिंग लागतो आणि दुसऱ्याला त्याचा पत्ताही नसतो, हे तिचे म्हणणे मला पुढे स्वतःच्या स्वयंपाकघरात अनेकदा पटले. तिखट मात्र आमच्या बाजूच्या खोला गावच्या मिरचीचे. डोंगरउतारावर पावसात वाढणारी ही मिरची रंगाने लालभडक आणि तिखटपणाला बेताची असते; तिला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. कापांना चढणारा तो तांबूस रंग तिचाच.

आजी स्वतः पाव खात नसे. पावाचे पीठ माडाच्या सुरेने फुगवतात हे तिला ठाऊक होते, आणि विहिरीत पाव टाकून माणसे बाटवल्याच्या गोष्टी तिने तिच्या आजीकडून ऐकल्या होत्या. त्यामुळे आमच्या घरात पाव स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडत नसे. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि त्यांच्या काळात मिरचीही आली, पावही आला. मिरची आजीच्या चुलीपर्यंत पोहोचली, पाव सोप्यावरच थांबला. संध्याकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंपू वाजला की बाबा टोपलीतून उंडे (जाड कवचाचे गोल पाव) घेत, आम्ही भावंडे सोप्यावर रांगेत बसत असू, आणि आजी आतून कापांचे ताट घेऊन बाहेर येई. उघडून धरलेल्या उंड्यात ती चिमट्याने वरून काप सोडी, पावाला हात न लावता. पाव नीट भाजला आहे की नाही हे मात्र तिला कळे. ती बाबांना उंड्याच्या बुडावर टिचकी मारायला सांगे आणि पोकळ आवाज आला की मान हलवी. जो पदार्थ तिने आयुष्यात एकदाही चाखला नाही, तो आमच्यासाठी बरोबर व्हावा म्हणून ती इतकी जपत असे, याचा मला आज विशेष आदर वाटतो.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की या दुकानातला काप-पाव मी त्या सोप्यावरच्या काप-पावाशी ताडून पाहिला आहे, आणि तो त्याच्या अगदी जवळ जातो.

दुकान चालवणाऱ्या काकी पन्नाशीच्या पुढच्या आहेत. पहिल्या खेपेला मी तव्याजवळच्या बाकावर बसले आणि त्यांची परवानगी घेऊन सगळी कृती पाहिली. चकत्या जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरच्या, आणि सगळ्या सारख्या जाडीच्या. मिठाच्या पाण्यातून काढल्यावर त्या पंच्यावर पसरून कोरड्या केलेल्या होत्या. मग पितळेच्या वाटीतले हिंगाचे पाणी, हळद, तिखट, मीठ आणि कोकमाच्या आगळाचे थोडे थेंब एकत्र करून एकेक चकती दोन्ही बाजूंनी चोळली, आणि पंधरा मिनिटे तशीच ठेवली. हिंगाचे पाणी पाहून मला जो आनंद झाला तो मी त्यांना बोलून दाखवला. "कोरडो घातल्यार खंय लागता, खंय लागना," त्या म्हणाल्या. आजीचेच वाक्य, फक्त कोंकणीत.

घोळवण्यासाठी जाडसर रवा आणि त्यात मूठभर तांदळाचे पीठ. नुसता रवा असला की तो तव्यावर सुटतो, नुसते तांदळाचे पीठ असले की कवच कडक होते. दोहोंच्या मेळाने पापुद्रा खुसखुशीत राहतो. तव्यावर एका वेळी आठ काप, खोबरेल तेल बेताचे, आच मध्यम. पहिली बाजू चार मिनिटे, त्यातली शेवटची दोन झाकण घालून. आणि इथे मी एक गोष्ट पाहिली, जी मला आजवर कोणी सांगितली नव्हती. झाकण काढताना काकी ते सरळ वर उचलत नाहीत. एका कडेने किंचित तिरके करून, त्याच्या आतल्या बाजूला जमलेले वाफेचे पाणी तव्याच्या बाहेर निथळेल अशा बेताने ते बाजूला ओढून घेतात. तेच पाणी तव्यात पडले असते तर रवा भिजून लापशीसारखा झाला असता. दुसरी बाजू उघडीच भाजायची. काप उलटला तेव्हा त्याच्या कडेला सोनेरी दाण्यांची एक अखंड किनार होती, मधला भाग मिरचीने तांबडा झालेला, आणि उलथण्याने दाबल्यावर आतली वाफ एका बारीक भेगेतून बाहेर आली.

आता पावाविषयी. गोव्यातल्या पोदेराच्या टोपलीत चौकोनी मऊ पाव असतो, कोंड्याची चपटी पोई असते, कात्रीने कापल्यासारखा कातरो असतो, कुरकुरीत काकणे असतात. पण काप-पावासाठी उंडोच हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. उंडो लाकडाच्या भट्टीच्या तापलेल्या फरशीवर भाजला जातो, त्यामुळे त्याचे कवच जाड आणि आतला भाग ओलसर, लवचिक राहतो. काप मुळात मऊ आणि पिठूळ असतो. त्याला मऊ पावात घातले तर दातांना कुठेच विरोध मिळत नाही, आणि पोईत घातले तर कोंड्याची चव नीरफणसाच्या सौम्य चवीवर चढते. मडगाव ज्यात येते तो सासष्टी हा पूर्वीपासून पोदेरांचा तालुका. त्यातले माजोर्डा हे गाव तर गोव्यातल्या पाव भाजण्याच्या कलेचे माहेर मानले जाते. या दुकानातले उंडे सासष्टीतल्याच एका लाकडाच्या भट्टीतून येतात. आता माडाची सूर काढणारे रेंदेर कमी झाले, ताजी सूर मिळणे अवघड झाले, आणि बहुतेक भट्ट्यांत पीठ यीस्टने फुगवले जाते. सुरेच्या पावाला जी किंचित आंबूस चव असे ती या उंड्यालाही नाही, हे मान्य करायला हवे. कवच मात्र उत्तम आहे.

काकी उंडो आडवा चिरतात, एका बाजूला जोड राखून. लोणी लावत नाहीत. तव्याच्या कडेला राहिलेल्या तेलावर आणि रव्याच्या चुऱ्यावर पावाची आतली बाजू अर्धा मिनिट दाबून धरतात, इतकेच. पावसाळ्याच्या दमट हवेत उंड्याचे कवच दोन-तीन तासांत नरम पडते. त्याला पुन्हा ताठ करायला तव्याची ही ऊब पुरते, आणि खाली राहिलेला तिखट रवाही पावाला लागून येतो. मग एकाच बाजूला ओल्या खोबऱ्याची, हिरव्या मिरचीची आणि कोथिंबिरीची घट्ट चटणी, तिच्यावर तीन काप, एकमेकांवर थोडे चढलेले. मागितला तर कच्च्या कांद्याच्या दोन चकत्या. मी कांदा घेत नाही.

पहिल्या घासाला उंड्याचे कवच मोडते, लगेच रव्याचे, आणि या दोन कुरकुरीत थरांमधून नीरफणसाचा गरम, पिठूळ गर जिभेवर येतो. या फळाला इंग्रजीत ब्रेडफ्रूट म्हणतात आणि भाजल्यावर त्याला येणारा वास खरोखरच ताज्या पावाच्या जवळचा असतो, त्यामुळे पावात पाव खाल्ल्यासारखे व्हायची भीती असते. ते होत नाही, कारण हिंग आणि आगळ. हिंग त्या पिठूळपणाला खोली देतो, आगळाचा आंबटपणा शेवटी येतो आणि पुढचा घास घ्यायला लावतो. हे सगळे ताटात आल्यापासून दहा मिनिटांत खाल्ले पाहिजे. मी एकदा मुद्दाम अर्धा काप-पाव बाजूला ठेवून पाऊण तासाने खाल्ला. चव होती, पण रवा ओला झाला होता आणि पाव चिवट.

गेल्या वर्षी पणजीतल्या एका मोठ्या उपाहारगृहात हाच पदार्थ नव्या नावाने ३२० रुपयांना मिळतो असे ऐकून मी गेले होते. तिथे नीरफणसाची बोटभर जाडीची चकती भरपूर तेलात तळून, मेयोनीज, चीज आणि कोबीच्या पानासह मऊ, गोडसर बनमध्ये घातलेली होती. मांडणी सुरेख होती आणि वाढणारी मुले अतिशय अदबशीर होती, परंतु मला तो खाताना वाईट वाटले. जाड चकतीला वरून रंग येईपर्यंत आतून शिजायला वेळच मिळत नाही, आणि मेयोनीजच्या ओलाव्याने रव्याचे कवच मेजावर येईपर्यंत उतरलेले असते. हिंग तर नव्हताच. पदार्थात भर घालण्याला माझी हरकत नाही. पण कापाचे सगळे सुख त्या पातळ, कोरड्या कवचात आहे, आणि त्याच्यावर ओले काहीही ओतले की ते जाते. चटणीसुद्धा घट्ट हवी आणि एकाच बाजूला हवी, ती त्याचसाठी.

मडगावच्या या दुकानातही उणिवा आहेत आणि त्या सांगायला हव्यात. उंडे मोजकेच येतात. सहा वाजण्याच्या सुमारास ते संपले की चौकोनी पावात काप घालून देतात, आणि मला एकदा न विचारताच तसे दिले गेले. गिऱ्हाइकाला आधी सांगावे, म्हणजे ज्याला नको तो नुसते काप घेऊन खाईल. चटणीत मीठ कधी पुढे जाते. बाके चारच असल्यामुळे पाऊस असला की आत उभे राहायलाही जागा नसते, आणि तव्याच्या धुराला बाहेर जायला वाट नाही. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी दाराजवळच बसावे. सगळ्यात मोठी तक्रार बांधून नेण्याविषयी आहे. गरम काप-पाव प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारून देतात, आणि घरी पोहोचेपर्यंत वाफेने सगळ्याचा लगदा झालेला असतो. मी आता उंडो कागदात वेगळा आणि काप केळीच्या पानात वेगळे मागून घेते. काकी ते आनंदाने देतात, पण मागावे लागते.

एक काप-पाव ४० रुपये. दोन खाल्ले तर रात्रीच्या जेवणाची गरज उरत नाही. चहा साधा, जरा जास्तच उकळलेला, पण कापांच्या तिखटानंतर तो बरा वाटतो. वागणूक घरच्यासारखी आहे, घाई कोणी करत नाही, आणि तव्यावर नवा घाणा लागेपर्यंत थांबायला सांगतात; आधीचे थंड काप गरम करून कोणाच्या हातात देताना मी पाहिलेले नाही.

नीरफणस आषाढ-श्रावणात भरपूर असतो आणि गणेशचतुर्थीनंतर कमी होत जातो, तेव्हा ज्यांना जायचे असेल त्यांनी तेवढ्यात जाऊन यावे. पुढे सुरण येतो. सुरणाला आगळ अधिक लागते, कारण त्याच्यातले घशाला टोचणारे, खाज आणणारे सूक्ष्म कण आंबटाने सौम्य होतात, आणि काकी त्याबाबत हात आखडता घेत नाहीत. हिवाळ्यात आगशी गावची मोठी वांगी. त्यांचे काप मऊसूत होतात, ताटात भाताबरोबर अप्रतिम लागतात, पण वांग्यात पाणी फार, त्यामुळे पावात मला ते तितकेसे रुचले नाहीत. बटाट्याचे काप वर्षभर असतात. ते चांगले आहेत, त्याहून अधिक काही म्हणता येणार नाही.

मागच्या शनिवारी मी चार काप केळीच्या पानात आणि दोन उंडे कागदात घेऊन केप्याला आईकडे गेले. ती आता ऐंशीच्या घरात आहे आणि तिचे तव्यापाशी उभे राहणे बंद झाले आहे. मी तवा तापवून काप फक्त मिनिटभर दोन्ही बाजूंनी शेकले, तेल न घालता, आणि उंडो चिरून तिच्या हातात दिला. तिने आधी पाव उलटा करून बुडावर टिचकी मारली. मग एक काप बाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरला, कडेचा रवा बोटाने सुटतो का ते पाहिले, आणि एक घास खाऊन काही वेळ गप्प राहिली.

"हिंग पाण्यातला की कोरडा?" तिने विचारले.

"पाण्यातला," मी म्हटले.

तिने काप पुन्हा पावात घातला आणि माझ्यासमोर दुसरा उंडो सरकवला.